साटीनचे सात जोड

आमच्या घरातलं निम्मं लाकूडसामान जपानहून आलेलं होतं, असं मी नातीला सांगतो तेव्हा तिला वाटतं आजोबा थट्टा करतायत. पण ते खरं आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका कंपनीत माल उतरवून घ्यायच्या खात्यात होते. परदेशातून मशिनांची मोठाली खोकी येत. ती पहारीने उघडायची, आतल्या वस्तूला ओरखडा न पाडता ती बाहेर काढायची आणि उपटलेले खिळे सरळ करून डब्यात ठेवायचे, हे त्यांचं काम. रिकाम्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना पाळीपाळीने घरी नेऊ देत. मोशीतल्या आमच्या घरात मांडणी, बसायचा बाक, कोंबड्यांचं खुराडं, माझं अभ्यासाचं टेबल, सगळं त्या फळ्यांचं होतं आणि सगळ्यावर काळ्या शाईची जपानी अक्षरं होती, कुठे आडवी, कुठे उलटी. नवी फळी आली की महिनाभर घराला राळेचा आणि मशीनच्या तेलाचा वास सुटे. आईने मासवडी केली की भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचा वास त्यात मिसळून जे काही होई, ते मला पुढे कुठल्याच घरात सापडलं नाही.

सकाळी नाशिक रस्त्यावर कंपनीच्या बसचा भोंगा वाजायच्या आत माझ्या थोरल्या बहिणीचं, शालनअक्काचं, शिलाईचं पायमशीन सुरू झालेलं असे. माझी झोप त्या आवाजाने मोडायची नाही. तो थांबला की मोडायची. अक्का सातवीतून शाळा सोडून घरी बसली होती. भोसरीच्या करीममास्तरांनी तिला कापायला शिकवलं. मास्तर लग्नातल्या बँडवाल्यांचे पोशाख शिवत. लाल, जांभळ्या, पिवळ्या साटीनचे गठ्ठे त्यांच्या दुकानात छतापर्यंत रचलेले असत आणि त्यांच्या दाढीत नेहमी एखादा रंगीत धागा अडकलेला असे. बायकांनी झंपर-परकर शिवावेत, कापायचं काम पुरुष मास्तरांचं, असा तेव्हा रिवाज होता. करीममास्तरांनी तो मानला नाही. "हिचा हात कातरीवर बसतो," एवढंच ते आण्णांना म्हणाले होते. माझ्या कॉलेजच्या सदऱ्यांपासून पुस्तकांपर्यंत सगळं अक्काच्या त्या हाताने भागवलं. मी जो काही झालो त्याच्या तळाशी ते मशीन आहे, हे लिहिताना मला कधीच संकोच वाटत नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. त्यामुळे आळीतला कुठलाही छापील कागद माझ्याकडे येई. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, तहसीलदाराची नोटीस. सगळं मी वाचून दाखवत असे. जे कळत नसे तेही, चेहरा न हलवता. लोकांना बरं वाटे, आण्णांची मान ताठ होई. त्या सवयीत काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या पावसाळ्यात आण्णांनी माझ्या वह्यांना कव्हरं घालायला खोक्यातले कागद आणले. मशिनच्या पोकळ भागांत कोंबलेले कागद ते नेहमीच आणत. त्यात एक रंगीत मासिक होतं, अर्धंच, तेलाने डागाळलेलं. अक्काने त्याची पानं एकेक करून कोमट इस्त्रीने सरळ केली आणि एका पानाशी थांबली. फोटोत रुंद डांबरी रस्ता होता आणि त्यावर एकही गाडी नव्हती. पन्नास-साठ पोरंपोरी गोल करून नाचत होती. सगळ्यांच्या अंगात चकचकीत साटीन, जांभळं, गुलाबी, भगवं. गुडघ्यापर्यंतचे ढगळ अंगरखे, पंखासारख्या बाह्या, घोट्याशी चुण्या घालून आवळलेल्या विजारी, कमरेला पट्टा, कपाळाला फडकं, गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा. पायात मात्र काळे साधे कापडी बूट. कुणाकुणाच्या पाठीवर मोठी अक्षरं शिवलेली होती.

"ह्याची बाही बघ दत्तू," अक्का म्हणाली. "खांद्याला शिवणच न्हाई. अख्खं कापड आडवं धरून कापलंय. कोण हाईत रे ही पोरं? काय लिवलंय खाली?"

खाली जे लिहिलं होतं ते पूर्ण जपानीत होतं. मला एक अक्षर येत नव्हतं आणि ते येत नाही असं म्हणायला अर्धं वाक्य पुरलं असतं. पण आण्णा चहाची बशी हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. आईही चुलीपुढून वळली होती.

"सण आहे त्यांचा," मी म्हणालो. "पाहुणा आला की त्याच्या मानासाठी तरुण मुलं असे कपडे घालून रिंगण करतात."

"सगळं जग सारखंच बघा," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

तो फोटो घेऊन अक्का करीममास्तरांकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ धरलं. "बेटी, ही बाही म्हणजे आपला झब्बा. ही खाली इजार. आन् कापड तर आपल्या बँडवाल्यांचं. जपान्यांनी आपलंच उचललं का काय?" मग बराच वेळ हसून त्यांनी उरलेल्या साटीनचा एक गठ्ठा तिच्या पुढ्यात टाकला. "शिवून बघ. बिघडलं तर उशा कर."

ती नुसती हौस राहिली असती. पण त्याच सुमारास दोन गोष्टी एकत्र आल्या. चऱ्होलीच्या एका घरून अक्कासाठी मागणं आलं होतं. घर खातंपितं होतं, मुलगा शांत होता, पण त्यांची एक अट होती: सून दुसऱ्यांची कापडं शिवणार नाही. आणि कंपनीच्या वसाहतीत बायकांचा शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई सोडून चालल्या होत्या. त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं ते पर्सोनेल ऑफिसर साने साहेब ठरवणार होते. साने सहा महिने जपानात राहून आलेले, त्यामुळे मशीन बसवायला आलेल्या हायाशी साहेबांचे दुभाषेही तेच. आण्णांनी कॅन्टीनमध्ये धीर करून त्यांच्यापुढे अक्काचा विषय काढला आणि बोलता बोलता जपानी कपड्यांचंही सांगितलं.

फोटो न मागताच साने म्हणाले, "खंडेनवमीला मशीनपूजा आहे, हायाशी साहेबही असतील. कामगारांच्या पोरांना घाला ते कपडे आणि साहेबांचं स्वागत करा. मॅनेजर साहेब तुमच्या मुलीचं काम डोळ्यांनी बघतील, मग मलाही बोलायला सोपं जाईल."

आण्णा घरी आले ते सायकल नीट न लावताच. "शालन, ही जागा मिळाली तर चऱ्होलीवाल्यांना मी न्हाई म्हणून सांगतो. तुझं तू वर्गावर जा, लगीन बघू पुढं. पर न्हाई मिळाली तर मला त्यांना लोंबकळत ठेवता यायचं न्हाई. दसऱ्याला शब्द मागितलाय त्यांनी."

पूजेपर्यंतच्या पंधरा दिवसांत अक्काने सहा जोड शिवले. मी तिच्याजवळ बसून ते पाहिलं आहे म्हणून सांगतो, मोजमाप नसलेल्या एका फोटोवरून, कापड कसं पडलंय एवढ्यावरून, तिने तो पोशाख उलटा उलगडत नेला. विजारीच्या चुण्या तिने तीनदा उसवल्या. पाठीवरची अक्षरं जशीच्या तशी कापून टाचली. मण्यांच्या माळा आईने गुंफल्या. मला मधूनमधून भीती वाटे. एकदा मी म्हणालोही, "अक्का, त्यांच्यात खरंच असंच असेल कशावरून?" ती दातांनी दोरा तोडत म्हणाली, "तूच वाचलंस की." आणि मी पुढचं कापड तिच्याकडे सरकवलं. किती साधी जागा होती ती बोलायची. अजूनही कुणी माझ्याशी 'तुम्ही शिकलेले' अशी सुरुवात केली की मी विषय बदलतो.

खंडेनवमीला कंपनी ओळखू येत नसे. तेलकट फरशी धुतलेली, मशिनांना झेंडूच्या माळा, दातेरी चाकांवर हळदकुंकू, कामगारांच्या बायका नव्या लुगड्यांत दबकत फिरणाऱ्या. 'हे तुमच्या बाबांचं मशीन' असं म्हणून बाप पोरांना उचलून दाखवत. हायाशी साहेब नव्या मशीनजवळ उभे होते, ठेंगणे, करड्या केसांचे, कपाळाला कुणीतरी लावलेला टिळा न पुसता. नारळ फुटला आणि हलगी वाजली. आमची सहा पोरं साटीनमध्ये सळसळत आली आणि फोटोतल्यासारखं रिंगण धरून फिरू लागली. बायकांनी हातातले पेढे विसरून बघितलं. मॅनेजर साहेब हसून टाळ्या वाजवू लागले. अक्का खांबाजवळ उभी होती, तिची नजर एका पोराच्या सैल झालेल्या पट्ट्यावर होती.

मी हायाशी साहेबांकडे पाहिलं. त्यांचं हसू आधी तसंच राहिलं, मग चेहऱ्यावर ते एकटंच उरलं. ते वाकले, दोनदा. मग टोपी डोक्यावर घातली, मशीनच्या मागच्या बाजूला गेले आणि खिशातला पाना काढून एक बोल्ट तपासू लागले. तो बोल्ट त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी घट्ट केला होता, असं आण्णा नंतर म्हणाले. पोरं फिरतच राहिली, कारण थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साने त्यांच्यामागे गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. त्यांनी आवाज खाली ठेवला होता, पण आजूबाजूचे सगळे ऐकत होते. "कुणी सांगितलं हे सणाचे कपडे म्हणून? तिकडे रविवारी एक रस्ता गाड्यांना बंद असतो. तिथे शाळा-कॉलेजची पोरं टेपरेकॉर्डर लावून हे असले कपडे घालून नाचतात, घरच्यांना न जुमानता. हायाशी साहेबांची मुलगी त्यांतलीच आहे. घरात बोलणं बंद आहे त्यावरून. माणूस इतक्या लांब कामाला आलाय आणि आपण त्याच्यापुढे हे नाचवतोय."

"कुणी सांगितलं?" मॅनेजर साहेबांनी परत विचारलं, आण्णांकडे बघून.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, हे मला पक्कं आठवतं. अक्का खांबाजवळून पुढे आली. "मीच म्हणलं साहेब. चित्र बघून मला वाटलं तसं." साने म्हणाले, "चौकशी तरी करायची, बाई." मग सगळे पेढे घ्यायला वळले. पोरांचे कपडे अक्कानेच एका कोपऱ्यात उतरवले आणि घडी घालून पिशवीत भरले. बसमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. पिशवी अक्काच्या मांडीवर होती. शिवणवर्गाला दुसरी बाई घ्यायचं ठरल्याचं दसऱ्याला सकाळी कळलं आणि सोनं वाटून झाल्यावर आण्णा चऱ्होलीला जाऊन शब्द देऊन आले.

पुढे मी त्या पोरांविषयी मिळेल ते वाचलं. 'बांबूचे कोंब' म्हणत त्यांना. एका लहानशा दुकानात तसे कपडे पहिल्यांदा विकायला आले, मग पोरं स्वतःच कापड आणून शिवू लागली. प्रत्येक टोळीचा रंग वेगळा, नाव पाठीवर, पावलं सगळ्यांची एकसारखी. आठवडाभर ती शाळेच्या एकरंगी गणवेशात असत. माझ्या नातीच्या फोनवर आता त्यांची हलती चित्रंही दिसतात. सगळं ठीक आहे. पण ही माहिती मला मिळाली तेव्हा तिचा कुणालाच उपयोग उरला नव्हता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दारात जीप थांबली. साने उतरले आणि त्यांच्यामागून हायाशी साहेब. आईची धांदल उडाली. साहेब बाकावर बसले, चहा घेतला, मासवडी खाऊन डोळ्यांत आलेलं पाणी रुमालाने टिपलं. मग मान तिरकी करून कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघत राहिले. सान्यांनी विचारलं, तर म्हणाले, त्या फळीवर 'ही बाजू वर' असं लिहिलंय. ती फळी उलटी होती. आण्णा हसले, साहेबही हसले. त्यानंतर साहेब बराच वेळ खाली बघून बोलले आणि साने थांबत थांबत आम्हाला सांगू लागले.

"त्यांना एक जोड शिवून हवाय. मुलीसाठी. परवा विमान आहे."

अक्काने भिंतीवरचा टेप काढला, वही घेतली. "माप सांगा म्हणावं. खांदा?"

साहेबांनी दोन्ही हात पुढे धरले, मग थोडे जवळ आणले, मग परत लांब केले.

"बरं, उंची?"

त्यांनी उभं राहून हात कानापाशी धरला, मग हनुवटीपाशी आणला. तिथे तो थांबला आणि हलेना. साने हळू म्हणाले, "तिच्यासमोर उभं राहून आठ महिने झाले, म्हणतात. ती रविवारी कपडे कागदी पिशवीत घालून नेते, स्टेशनात बदलते. त्यांनी तिला त्या कपड्यांत एकदाच पाहिलंय, लांबून. सतरा वर्षांची आहे."

"एवढी शिकलेली माणसं," आई पुटपुटली, "आन् लेकीचं माप ठावं न्हाई." आण्णांनी तिच्याकडे रागाने पाहिलं, पण त्यांची नजर लगेच खाली गेली.

साहेबांनी मान वर केली आणि अक्काकडे बोट दाखवलं. साधारण हिच्यासारखी, असं साने म्हणाले. अक्काने मग स्वतःचाच खांदा मापला, स्वतःचीच कंबर, आणि वहीत आकडे मांडले. निघताना साने म्हणाले, "घेऊन जाईन म्हणतात. ती घेईल की नाही, सांगता येत नाही."

जीप गेल्यावर आण्णा इंद्रायणीकडच्या वाटेने चालू लागले. मी त्यांच्यामागे गेलो. कडेच्या शेतात ज्वारी गुडघ्याला आली होती. मी सगळं सांगितलं, की मला ती भाषा येत नव्हती, की मी मनानेच रचलं. ते चालत राहिले. बऱ्याच अंतरावर जाऊन म्हणाले, "येत न्हाई म्हणायचं रं. तुला सगळंच येतंय असं आमी कुठं म्हणलं हुतं?"

"आण्णा, मी उद्या सान्यांना सांगतो. चऱ्होलीला मी येतो तुमच्यासंगं."

"जागा भरली. आन् शब्द दिलाय दत्तू. पोरीच्या बापानं दिलेला शब्द फिरवला तर पुढं तिच्याच वाट्याला बोल येत्यात." ते थांबले. "त्या साहेबाचं बघितलंस न्हवं? मशीन बसवतोय एवढं मोठं, आन् हात नुसते वरखाली करतोय. आपलं तरी काय निराळं हाय."

सातवा जोड अक्काने सोमवारी शिवला. जांभळं साटीन करीममास्तरांनी स्वतः सायकलवरून आणून दिलं. पाठीवर तिने अक्षरं लावली नाहीत. म्हणाली, कोणत्या टोळीतली हाय ती, आपल्याला काय ठावं. चऱ्होलीत ती सुखाने राहिली, असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. तीन मुलं झाली, शेत गेलं, तिथे आता बारा मजले उभे आहेत आणि त्यांतल्या चौथ्यावर ती राहते. नातवंडांची बटणं लावण्यापलीकडे तिने पुन्हा काही शिवल्याचं मी पाहिलं नाही. हायाशी साहेबांचं पुढे काही कळलं नाही. त्यांच्या मुलीने तो पोशाख घेतला की नाही, हेही नाही.

सोमवारी दुपारी शेवटची शिवण झाली आणि अक्का आतल्या खोलीत गेली. माप तिचंच होतं, त्यामुळे घालून बघायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. बाहेर आली तेव्हा मी टेबलाशी पुस्तक उघडून बसलो होतो. जांभळा ढगळ अंगरखा, लांब पसरलेल्या बाह्या, घोट्याशी आवळलेली विजार. पाय अनवाणी. आमच्या घरातला आरसा तोंडापुरताच होता. तिने त्यात खांदा पाहिला, मग वळून दुसरा खांदा पाहिला, आणि मग आरशाचा नाद सोडून अंगणात उन्हात गेली. हात आडवे केले. बाही कुठे ओढते का बघायला तिने एक गिरकी घेतली, हळू, कारागिराची, आणि मग आणखी एक, जिची माप बघायला गरज नव्हती.

"कसं दिसतंय दत्तू?" तिने विचारलं.

इतकी पुस्तकं समोर होती. "बरं दिसतंय," मी म्हणालो.

आण्णा दुसऱ्या पाळीला निघाले होते. ते सायकल हातात धरून दारात थांबले, बघत राहिले. मग म्हणाले, "काढ आता पोरी. लोकाच्या लेकीचं हाय ते."

"व्हय," अक्का म्हणाली आणि आत गेली.